ब्लॉकचेनमध्ये करिअर: आधी सही करायला शिका

धाराशिवमधल्या पालकांना ‘ब्लॉकचेन’ म्हटलं की बिटकॉइन आठवतो, आणि बिटकॉइन म्हटलं की बुडालेले पैसे. भीती अगदीच निराधार नाही. पण कॉइनची खरेदी-विक्री वेगळी आणि ब्लॉकचेनवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणं वेगळं. राज्य वखार महामंडळाने राज्य सहकारी बँकेच्या साथीने वखार पावतीवरच्या शेतमाल तारण कर्जासाठी हेच तंत्र आणलं. एका पावतीवर दोनदा कर्ज उचलता येऊ नये, हा त्यातला फायदा.

या कामाचा गाभा आहे सही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हा ब्लॉकचेनवर ठेवलेला प्रोग्राम. त्याला दिलेल्या प्रत्येक हुकमावर, म्हणजे ट्रान्झॅक्शनवर, प्रायव्हेट की वापरून सही करावी लागते. इथेरियम या ब्लॉकचेनमध्ये ही की म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. हेक्साडेसिमलमध्ये लिहिली तर ६४ अक्षरांची. सहीवरून पाठवणाऱ्याचा पत्ता कुणालाही पडताळता येतो, की मात्र उघड होत नाही. सहीच्या आत त्या खात्याच्या हुकमाचा अनुक्रमांकही बांधलेला असतो, त्याला नॉन्स म्हणतात. त्यामुळे तोच हुकूम दुसऱ्यांदा चालत नाही. सहीत नेटवर्कचा क्रमांक, म्हणजे चेन आयडी, असल्याने सरावाच्या नेटवर्कवरची सही खऱ्या नेटवर्कवर वापरता येत नाही.

डिजिटल सातबाऱ्यावरची सही याच जातकुळीची. फरक एवढाच, की तलाठ्याचा डोंगल हरवला तर जुनं प्रमाणपत्र रद्द होऊन नवं मिळतं. प्रायव्हेट की हरवली किंवा चोरीला गेली, तर अर्ज करायला कोणतंही कार्यालय नाही.

की सांभाळली म्हणजे काम झालं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं. त्या वॉलेटला सहापैकी चार सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली भलत्याच मजकुरावर. आपण नेमकं कशावर सही करतोय हे वाचता येणारा माणूस मला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची सॉलिडिटी भाषा पाठ असलेल्या मुलापेक्षा मोलाचा वाटतो.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. ब्राउझरमध्ये रीमिक्स हा कोड लिहिण्याचा मंच उघडा, सेपोलिया या सरावाच्या नेटवर्कवर फुकटचं इथर (इथेरियमचं चलन) घ्या, छोटा कॉन्ट्रॅक्ट चढवा. मग हार्डहॅट किंवा फाउंड्री ही आपल्या संगणकावर कॉन्ट्रॅक्ट तपासण्याची साधनं शिका. हार्डहॅटची सरावाची खाती जगभर सारखीच असतात, त्यांच्या प्रायव्हेट की जगजाहीर आहेत. तिथे खरं चलन पाठवलं तर ते गेलंच समजा. की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकण्याची चूक तर नवशिके सर्रास करतात, आणि अशा की हुडकणारे बॉट सतत फिरत असतात. सरावाचं खातं कायम वेगळं आणि रिकामं ठेवा.

बारावीनंतर ‘ब्लॉकचेन’ नावाची पदवी शोधत बसू नका. आपल्याकडचं तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय असो की शासकीय तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट, संगणक शाखेचा पाया पक्का करा: डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, थोडी क्रिप्टोग्राफी. लाखभर फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला पालकांनी सरळ नाही म्हणावं.

नोकऱ्या मोजक्या आहेत, त्याही मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळुरूत किंवा घरी बसून परदेशी कंपन्यांसाठी. कॉइनचे भाव पडले की भरतीही आटते. म्हणूनच सहीचं शास्त्र नीट शिकावं. बँकिंग, ई-साइन, सायबर सुरक्षा इथेही त्याला मागणी आहे.

घरबसल्या नोकरी शोधताना एक जपा. मुलाखतीची चाचणी म्हणून कोड पाठवायचा, तो उमेदवाराच्या लॅपटॉपवर चालवायला लावायचा आणि वॉलेटच्या की लांबवायच्या, असं करणाऱ्या टोळ्या आहेत. असा कोड आधी वाचा. चालवायचाच असेल तर जिथे वॉलेट नाही आणि वडिलांचं नेटबँकिंगही नाही अशा मशीनवर.