जुन्या मोटारसायकलीचा आवाज : साखळी, क्लच व गिअर यांची परीक्षा

बैल लंगडूं लागला म्हणजे जाणता शेतकरी प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो. खुरांत कांटा नाहीं अशी खात्री झाल्यावरच तो गुडघ्याकडे व खांद्याकडे वळतो. परंतु घरच्या जुन्या मोटारसायकलीनें चमत्कारिक आवाज काढण्यास आरंभ केला, कीं हाच शेतकरी हा क्रम विसरतो. गाडी ढकलीत मेस्त्रीकडे नेतो आणि 'इंजिन गेलें' असा निकाल स्वतःच देऊन मोकळा होतो. मग इंजिन खोलण्याचा खर्च अंगावर पडतो, पेरणीचे चार दिवस फुकट जातात आणि आवाज पुष्कळदां जेथल्या तेथेंच राहतो. आपल्या बीड जिल्ह्यांत १९८५ सालीं निघालेल्या हीरो होंडा सी. डी. १०० च्या व १९९४ सालच्या स्प्लेंडरच्या वंशांतील गाड्या, क्वचित् एखादी राजदूत, आणि हौसेनें राखलेली जुनी बुलेट, यांवरून दुधाच्या किटल्या, खताचीं पोतीं आणि कडब्याच्या पेंढ्या अद्यापि वाहिल्या जातात. अशा गाडीची परीक्षा मालकानें घरीं कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

इंजिनांतील शक्ति मागच्या चाकापर्यंत कोणत्या वाटेनें जाते, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ती क्लचमधून गिअरच्या पेटींत येते, तेथून पुढच्या लहान दांतेरी चक्रावर, मग साखळीनें मागच्या मोठ्या चक्रावर, आणि तेथून रबराच्या ठोकळ्यांतून चाकावर. बाजारांत ह्या चक्रांसह साखळीला 'चेन-सॉकेट' म्हणतात. नांव अपभ्रष्ट असलें तरी दुकानदारास तेंच समजतें. ह्या वाटेवरील प्रत्येक भाग निराळ्या वेगानें फिरतो, म्हणून बिघडलेला भाग आपल्याच वेगाच्या तालावर आवाज करतो. हा ताल मोजतां आला म्हणजे अर्धें निदान झालेंच.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन चालू करावें. आवाज उभ्या गाडींतच येत असेल, तर साखळीस दोष देण्याचें कारण नाहीं. आतां क्लच दाबावा. घरघर क्लच दाबतांच थांबली व सोडतांच पुन्हां सुरू झाली, तर संशय गिअरपेटीच्या बेअरिंगवर किंवा क्लचच्या झिजलेल्या टोपलीवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज उत्पन्न होत असेल, तर क्लच ढकलणारा भाग किंवा त्याचें बेअरिंग पाहावें. क्लच दाबल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, पण मूठ पिळतांच आवाज जलद होतो, तेव्हां तो खुद्द इंजिनाचा, म्हणजे टॅपेटचा, टायमिंग-साखळीचा किंवा अशाच एखाद्या भागाचा समजावा. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. ती सपाट व मोकळ्या रस्त्यावरच करावी. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटांत उतारावर न्यूट्रल करून आवाज ऐकण्याचें धाडस कोणीही करूं नये, कारण उतारावर इंजिनाचा रोध हाच अर्धा ब्रेक असतो. ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगांत क्लच दाबून मूठ सोडावी. इंजिन मंद झालें तरी आवाज त्याच तालावर चालू राहिला आणि गाडी हळू होईल तसतसाच मंदावला, तर दोष क्लचच्या मागें, बहुधा साखळींत, चक्रांत किंवा चाकांत आहे हें ठरलें. आमच्या मतें ही एकच परीक्षा शेतकऱ्यानें शिकून घेतली, तरी निष्कारण खोललीं जाणारीं कितीतरी इंजिनें वांचतील.

तिसरी परीक्षा हिशेबाची आहे, आणि तिच्यांत खरी गोडी आहे. १८ इंची चाकाचा घेर सुमारें सव्वासहा फूट असतो. म्हणजे इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्यें गाडी हातानें ढकलीत चालल्यास चाकाचा एक फेरा अडीच पावलांत होतो. टायरवर व साखळीच्या एका कडीवर खडूची खूण करावी आणि शांत वेळीं अंगणांत गाडी ढकलावी. आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदांच येत असेल, तर मागचें चक्र वांकडें आहे, त्याचा एखादा दांत मोडला आहे, किंवा ब्रेकचा ड्रम कोठें घासतो आहे. समजा, मागच्या चक्रास ४२ दांत, पुढच्यास १४ आणि साखळीस १०० कड्या आहेत. तर चाकाच्या एका फेऱ्यांत पुढचें चक्र तीनदां फिरतें. म्हणून चाकाच्या फेऱ्यास तीन ठोके आल्यास पुढचें चक्र किंवा त्याच्या आंसाचें बेअरिंग तपासावें. आणि साखळीचा पूर्ण फेरा होण्यास चाकाचे २.४ फेरे लागतात. तेव्हां आवाज अडीच फेऱ्यांच्या सुमारास एकदां येत असेल, तर एखादी कडी गंजून ताठ झाली आहे असें जाणावें. खडूची खूण प्रत्येक वेळीं त्याच जागीं आलेली दिसली म्हणजे ती कडी सांपडलीच. दांतांची संख्या प्रत्येकानें आपल्या गाडीची मोजून घ्यावी.

साखळीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील बहुतेक आवाज येथेंच जन्मतात. आजची रोलर-साखळी हान्स रेनोल्ड यानें मँचेस्टर येथें १८८० सालीं सिद्ध केली. तिच्या प्रत्येक सांध्यांत एक खिळा, त्यावर एक नळी आणि नळीवर फिरणारें वेष्टन असतें. साखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, पण लोखंड ताणलेलें नसतें. खिळा व नळी झिजून प्रत्येक सांध्यांत केसभर पोकळी होते आणि शंभर सांध्यांची पोकळी मिळून साखळी लांबते. लांबलेली साखळी चक्राच्या दांतांत नीट बसत नाहीं, दांतांच्या माथ्यावर चढते आणि जोर पडतांच खटकन् घसरते. लहान गाड्यांच्या साखळींत एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असतें. म्हणजे ४० कड्या नव्या असतांना ५०८ मिलिमीटर भरतात. साखळी ताणून धरून मोजतां ५१८ भरल्या, तर ती दोन टक्के झिजली असून तिची आशा सोडावी. फूटपट्टी नसल्यास मागच्या चक्राच्या अगदीं मागील बाजूस साखळी बोटांनीं ओढून पाहावी. दांत अर्धाअधिक उघडा पडला तर निर्णय तोच.

आपली काळी माती साखळीची मोठी वैरीण आहे. पावसाळ्यांत चिखल साखळीच्या डब्यांत भरतो, दसऱ्यानंतर वाळतो, आणि तेल घातलें कीं त्याची खरड होऊन ती सांध्यांत शिरते. मळक्या साखळीवर तेल ओतणें म्हणजे जात्यांत दाणा घालण्यासारखेंच आहे. आधीं डबा काढून रॉकेलनें व मऊ ब्रशानें साखळी धुवावी, पुसावी, आणि मग जाड गिअर-तेल आंतल्या बाजूनें थोडें द्यावें. हें सर्व इंजिन बंद असतां, चाक हातानें फिरवून करावें. इंजिन चालू ठेवून फिरत्या साखळीस फडकें लावण्याची जी चाल कित्येक ठिकाणीं दिसते, तिच्यापायीं बोटें तुटतात. मुलांना तर ह्या कामास कधींच बसवूं नये.

खडखड थांबावी म्हणून साखळी तारेसारखी ताठ करणें हा दुसरा सार्वत्रिक दोष. गाडीवर माणूस व ओझें बसलें, कीं मागचें चाक वर उचललें जातें आणि साखळी आणखी ताणते. मग ती हुंकारूं लागते आणि पुढच्या आंसाचें बेअरिंग खाते. खडखडीपेक्षां हा हुंकार अधिक महागांत पडतो. लहान गाडींत मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर ढील ठेवावी, आणि ती साखळीच्या सर्वांत ताठ जागीं मोजावी, कारण जुनी साखळी सगळीकडे सारखी झिजत नाहीं. चाक सरकवतांना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या याव्यात. नाहीं तर चक्राचा एकच गाल घासून चकाकतो.

मूठ पिळतांना व सोडतांना मागून 'धप्' असा एकच आवाज येतो, तो चाकांतील रबरांचा. रबरें स्वस्त असतात, तीं बदलावीं. सरळ रस्त्यावर सतत येणारी व वळणावर कमीअधिक होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. साखळी उतरवून, चाक अधांतरीं धरून आडवें हालवावें. हेलकावा जाणवला तर शंका नको.

बुलेटवाल्यांसाठीं दोन शब्द. तिच्या जुन्या नमुन्यांत इंजिन व क्लच यांमध्यें आणखी एक दुपदरी साखळी डाव्या डब्यांत असते. ती सैल झाल्यास उभ्या गाडींतच डबा ठोकल्यासारखा वाजतो. तसेंच तिच्या चार गिअरांच्या पेटींत चौथा गिअर थेट असतो, म्हणून पहिल्या तीन गिअरांतील गुरगुर चौथ्यांत नाहींशी होत असेल, तर खालच्या आंसाचीं चक्रें किंवा बेअरिंग झिजलें आहे असें समजावें. कोणत्याही गाडींत एकाच गिअरवर आवाज येत असेल, तर त्याच गिअरची जोडी संशयित होय. तेल बदलतांना तें पांढऱ्या फडक्यावर गाळावें: बारीक करडी भुकटी चालेल, पण लोखंडाचे कपचे दिसले तर गाडी तशीच न चालवितां मेस्त्रीकडे न्यावी.

साखळी बदलावयाची ठरली, तर दोन्ही चक्रेंही तिच्याबरोबरच बदलावींत. आंकड्यासारख्या झिजलेल्या दांतांवर नवी साखळी लवकरच जुनी होते. जोडकडीवरील स्प्रिंगची क्लिप बसवितांना तिचें बंद तोंड साखळी ज्या दिशेस धांवते त्या दिशेस ठेवावें. उलट बसविलेली क्लिप कोठें तरी घासून निसटते, आणि सुटलेली साखळी इंजिनाचें कवच फोडते किंवा चाक जागच्या जागीं आवळते.