कच्चा पट

वेरूळच्या एकविसाव्या लेण्याला रामेश्वर म्हणतात. त्याच्या भिंतीवर शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेले आहेत. खाली नंदीभोवती गणांची गंमत चालली आहे, आणि वर डाव ऐन रंगात आलेला आहे. हाच प्रसंग चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही कोरलेला आहे. घरात बसून खेळण्याच्या खेळाची आवड आपल्याकडे किती जुनी आहे, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

मे महिन्याच्या सुटीत माझी भाची आणि तिचा धाकटा भाऊ आजोळी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे आले होते. भाची सातवीत, भाऊ पाचवीत. त्या शिल्पासमोर भाची बराच वेळ उभी राहिली आणि परतताना गाडीत तिने जाहीर केले, "मामा, मी माझा स्वतःचा खेळ तयार करणार आहे."

विषयही तिने निवडला होता. आदल्या दिवशी आम्ही पाणचक्की पाहिली होती. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली; तेच हे आपले शहर. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून गावात आणण्यासाठी त्याने नहर बांधली. पुढे अशा आणखीही नहरी झाल्या, आणि त्यांतल्याच एका पाण्याच्या जोरावर पाणचक्कीचे जाते फिरत असे. भाचीच्या खेळाचे नाव ठरले 'नहर'. पटाच्या एका कडेला डोंगर, दुसऱ्या कडेला गाव. प्रत्येकाने आपापल्या झऱ्यापासून आपल्या हौदापर्यंत नळाचे तुकडे जोडत जायचे. मध्ये खडक आला तर वळसा घालायचा. ज्याचे पाणी आधी पोहोचेल, तो जिंकला.

कल्पना उत्तम होती. मग मात्र एक चूक झाली, आणि तिच्यात माझाही वाटा होता, कारण तिला रंगांच्या दुकानात मीच नेले. खाऊचे साठवलेले दोनशे रुपये तिने तिथे मोकळे केले. जाड पांढरा कागद, सोनेरी रंग, चकचकीत रोगण आणि दोन तयार फासे घेऊन ती घरी आली. चार दिवस ती जेवणापुरतीच जागेवरून उठत होती. नऊ गुणिले नऊ अशी एक्क्याऐंशी घरे तिने आखली, मध्यभागी पाणचक्की काढली, सात घरांत काळे खडक रंगवून त्यांना सोनेरी कडा दिल्या आणि सगळ्यावर रोगण फिरवले. पट इतका देखणा झाला की शेजारचे लोक पाहायला आले.

पाचव्या दिवशी खेळ मांडला. भाची डावीकडे बसली, भाऊ उजवीकडे. सहा डाव झाले आणि सहाही डाव भाची जिंकली. सातव्या डावाला भावाने हट्टाने जागा बदलून घेतली, तेव्हा तो जिंकला. मग त्याने खडक मोजले. सातांपैकी पाच उजव्या बाजूला होते!

"दोन खडक इकडून काढ आणि तिकडे टाक," तो म्हणाला.

"काढू कशी? रोगण दिलंय त्यावर!"

"मग मी नाही खेळणार."

भाचीचे डोळे भरून आले. खेळायला दुसरे कोण होते तिला? आणि भाऊ चुकीचे बोलत होता असेही नाही. चार दिवसांचे कष्ट आणि दोनशे रुपये एका बाजूला, आणि दोन चुकीचे खडक दुसऱ्या बाजूला, असा तो पेच होता. पट तिने कपाटावर ठेवून दिला आणि रात्रीपर्यंत कोणाशी बोलली नाही.

रात्री वीज गेली. माझी आई, म्हणजे मुलांची आजी, कंदील घेऊन ओसरीवर बसली. तिने खडूने फरशीवर पाच गुणिले पाच घरे आखली, डब्यातून चार घासलेले चिंचोके काढले आणि म्हणाली, "या रे पोरांनो, चल्लस-आठ खेळू."

हा खेळ तुमच्याही आजीला येत असेल. चिंचोक्याची एक बाजू दगडावर घासून पांढरी करतात. चार चिंचोके टाकायचे आणि जितके पांढरे पडतील तितकी घरे चालायचे. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. पण त्या रात्री भाचीचे लक्ष चिंचोक्यांवर नव्हते. एका घराची फुली आजीकडून चुकीच्या जागी पडली. आजीने ती ओल्या बोटाने पुसली, शेजारी दुसरी काढली आणि डाव सुरू केला. भाची त्या पुसलेल्या जागेकडे पाहत राहिली.

सकाळी ती मला म्हणाली, "मामा, पुसता येईल असा पट करायचाय."

मग आम्ही साहित्याची निवड नव्याने केली. या वेळी दुकानात गेलो नाही. खेळाचा कच्चा नमुना करताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, की उद्या हिच्यात बदल करावा लागला तर जीव हळहळेल का? हळहळणार असेल, तर ती वस्तू सध्या बाजूला ठेवायची.

पटासाठी जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी पाठ घेतली. घरे साध्या पेन्सिलीने, तीही हलक्या हाताने आखली. खडक रंगवलेच नाहीत. अंगणातले सात खडे उचलून आणले. खडा या घरातून त्या घरात सरकवायला एक क्षण पुरतो, आणि सगळा तंटा तर खडकांच्याच जागेवरून होता. हौदांसाठी दोन बटणे मिळाली. भाऊ कुठूनतरी लालभडक गुंजा घेऊन आला. त्या मात्र मी परत टाकायला लावल्या. गुंज दिसायला सुंदर, पण तिचे बी विषारी असते; खेळात किंवा घरात तिला जागा नाही.

नळाच्या तुकड्यांना जास्त विचार लागला. पातळ कागदाचे तुकडे पंख्याच्या वाऱ्याने उडतात. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कापताना दबतो आणि त्याची कड फिसकटते. जुन्या वह्यांच्या पाठीमागचा राखी पुठ्ठा सर्वांत चांगला ठरला. घर तीन सेंटीमीटरचे असेल, तर तुकडा त्याहून दोन-तीन मिलिमीटर लहान हवा, नाहीतर शेजारचे तुकडे एकमेकांना ढकलू लागतात. पुठ्ठा कात्रीने नीट कापला जात नाही. त्यासाठी धारदार सुरी आणि पोलादी पट्टी लागते. प्लॅस्टिकची पट्टी सुरीच कुरतडून टाकते. एकदाच जोर लावण्यापेक्षा त्याच रेषेवरून चार-पाच वेळा हलकी सुरी ओढली की कड सरळ येते आणि बोटेही सुरक्षित राहतात. हे काम मी जवळ बसून करून घेतले. तुम्हीही ते एकट्याने करू नका.

पुठ्ठ्यावर कागद चिकटवण्यासाठी आईने कणकेची खळ शिजवून दिली. पहिले दहा तुकडे वाळले आणि सगळे पापडासारखे वाकले. ओला कागद वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुस्तके बांधणाऱ्या कारागिरांना हे चांगले ठाऊक असते. म्हणून ते पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावतात. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो. पुढचे तुकडे तसे केले आणि वाळेपर्यंत जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवले.

दुष्काळ पडला, नळ फुटला, नवा झरा लागला, अशी काही नशिबाची पानेही भाचीला हवी होती. आधी ती लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिली. पण एकीची मागची बाजू गुलाबी, दुसरीवर गणपती! दुष्काळाचे पान कोणते, हे दोन डावांत भावाला पाठ झाले. मग जुन्या पत्त्यांचा एक अपुरा संच मिळाला. त्याच्या पुढच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आणि मागची बाजू होती तशी सारखी राहिली. सावंतवाडीचे चितारी गंजिफाची पाने गोल करतात. दशावतारी गंजिफात अशी 120 पाने असतात, आणि कोपराच नसल्यामुळे दुमडण्याची भीतीही कमी. आम्हाला मात्र आयताकृती पानेच बरी पडली, कारण ती आयती होती.

फाशांऐवजी चिंचोके घेतले, त्यालाही कारण आहे. फाशाच्या एक ते सहा या सर्व अंकांना सारखीच संधी असते. चार चिंचोके मात्र सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी सहा प्रकारांत दोन पांढरे येतात, आणि चारही पांढरे फक्त एकाच प्रकारात. म्हणून दोनाचे दान वरचेवर पडते, चाराचे आणि आठाचे क्वचित. फाशाने खेळताना दोन-तीन दानांतच पाणी गावात पोहोचत असे. चिंचोक्यांमुळे डाव लांबला आणि आठाचे दान पडले की ओसरी दणाणून जाऊ लागली.

त्या दिवसांत मी मुलांना आल्फ्रेड बट्स या अमेरिकन माणसाची हकीकत सांगितली. तो घरांचे आराखडे काढणारा वास्तुविशारद. 1930 नंतरच्या मंदीत त्याची नोकरी गेली आणि रिकाम्या वेळात त्याने शब्दांचा एक खेळ योजला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्याने वर्तमानपत्राची पाने घेऊन मोजले. सुरुवातीला त्या खेळाला पटच नव्हता! पट नंतर आला, आणि तोही आराखडे काढण्याच्या त्याच्याच साधनांनी घरी आखलेला. वर्षानुवर्षे बदल होत होत तो खेळ 1948 साली 'स्क्रॅबल' या नावाने बाजारात आला. भाऊ म्हणाला, "म्हणजे त्याच्याकडेही सोनेरी रंग नव्हता." भाची हसली. सात दिवसांत ती प्रथमच त्या विषयावर हसली.

आता प्रत्येक डावानंतर वहीत नोंद होऊ लागली : कोण कुठल्या बाजूला बसले, आधी कोण खेळले, कोण जिंकले. वीस डावांनंतर आणखी एक दोष दिसला. जो आधी खेळे, तोच बहुधा जिंके. म्हणून असे ठरले, की पहिल्याचे पाणी पोहोचले तरी दुसऱ्याला शेवटचे एक दान मिळावे. पुढे खडे आधीपासून मांडून ठेवण्याऐवजी एकमेकांच्या वाटेत टाकण्याची युक्ती भावाने काढली आणि खेळाला खरी चुरस आली. दिनदर्शिकेचे पान खोडून खोडून फाटले, दुसरे घेतले. खर्च शून्य.

सुटी संपण्याच्या दोन दिवस आधी आम्ही दौलताबादच्या पुढच्या कागजीपुऱ्याला गेलो. तिथे हाताने कागद करण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. यंत्रावर केलेला कागद एका दिशेने सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. हाताच्या कागदाला तशी दिशा नसते. भाचीने एक जाड ताव घेतला आणि त्यावर पक्का पट उतरवला. मधली पाणचक्की पुन्हा काढली, या वेळी शाईने. उजव्या कोपऱ्यातली चार घरे मात्र अजून पेन्सिलीचीच आहेत. भावाला तिथे तिसरा हौद हवा आहे, भाचीला नको आहे, आणि तो निकाल दिवाळीच्या सुटीत लागायचा आहे.