व्याधिक्षमत्वाच्या अभ्यासात एलएल-३७ चे मापन

चारकोपसारख्या दाट वस्तीत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास, रसायनसेवनानंतर रुग्णाचा वारंवार होणारा प्रतिश्याय कमी झाल्याचा अनुभव येतो. परंतु 'व्याधिक्षमत्व वाढले' हे संशोधनात कशावरून सिद्ध करावे? त्यासाठी एलएल-३७ या जंतुनाशक पेप्टाइडचे मापन करता येते. त्याची पद्धती व मर्यादा येथे पाहू.

परिचय : ३७ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड मानवातील एकमेव कॅथेलिसिडिन होय. न्यूट्रोफिल या श्वेतपेशींत ते एचकॅप-१८ या पूर्वरूपात साठविलेले असते. विकराने विभाजन झाल्यावर ते कार्यकारी होते व जंतूंचे आवरण भेदते. अशा पेप्टाइडांचा 'कॅम्प' हा माहितीसंग्रह परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

नमुना : रक्त, लाळ अथवा स्वेद यांत मापन होते. रक्त गोठताना श्वेतपेशींतील साठा बाहेर पडू शकतो. म्हणून सीरम व प्लाझ्मा यांची सरमिसळ करू नये. प्लाझ्मा त्वरित वेगळा करून लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवावा. दवाखाना ते प्रयोगशाळा या प्रवासात बर्फ अनिवार्य. पुनःपुन्हा गोठविणे-वितळविणे टाळावे.

मापन : एलायझा पद्धतीत दोन प्रतिपिंडांमध्ये पेप्टाइड पकडले जाते व उमटलेल्या रंगाची तुलना ज्ञात प्रमाणांच्या आलेखाशी होते. प्रत्येक नमुना दोनदा तपासावा. वीसपट विरल नमुन्याचे वाचन ३ नॅनोग्रॅम आल्यास मूळ प्रमाण मिलिलिटरला ६० नॅनोग्रॅम होय. अनेक प्रतिपिंडे पूर्वरूपासही ओळखतात. तेव्हा आकडा नेमका कशाचा, हे वेस्टर्न ब्लॉटने पडताळावे.

अर्थनिर्णय : या पेप्टाइडच्या जनुकास 'ड' जीवनसत्त्व चालना देते, हे २००६ मध्ये क्षयजंतूंच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे सूर्यप्रकाशाचाही येथे संबंध येतो. वर्षा ऋतूत 'पूर्वी' व शरदात 'नंतर' नमुना घेतल्यास कालज बलातील फरक औषधाच्या नावे जमा होण्याचा धोका आहे. म्हणून तुलनागट त्याच ऋतूतील हवा.

याहून महत्त्वाचे असे की अधिक म्हणजे उत्तम नव्हे. सोरायसिसच्या त्वचेत एलएल-३७ वाढलेले आढळते आणि ते दाह वाढविण्यास साहाय्य करते. धातुसाम्य मानणाऱ्या शास्त्राला हे नवीन नाही.

सारांश, नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती घेऊनच नमुने घ्यावेत. आणि हा आकडा रुग्णाच्या लक्षणांसमवेतच वाचावा. केवळ आकड्यावरून औषधाचे यश घोषित करणे ही रुग्णाची व शास्त्राची वंचना ठरेल.