थीममधली तयार स्पेसिंग बंद करा, पण साइट मोडू देऊ नका

वेबसाइट बनवून देण्याचा धंदा सुरू करताय, तर आजचा धडा तुमच्यासाठीच. व्हिडिओत स्क्रीनवर कोड दाखवलाय, इथे त्यामागचं कारण समजून घेऊ.

समजा, ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका होमस्टेची वर्डप्रेस साइट तुम्ही केली. महिन्याभराने मालकाचा फोन येतो, "भाऊ, साइट बिघडली. फोन नंबर दिसतच नाही." उघडून बघता, तर त्यांनी फोटोच्या वर-खाली सगळ्यात मोठी मोकळी जागा निवडलेली. मोबाइलवर बुकिंगचं बटण पार खाली गेलं. पर्यटक एवढं खाली बघत नाही, दुसऱ्या होमस्टेला फोन लावतो. नुकसान मालकाचं, आणि फुकट दुरुस्ती तुमच्या गळ्यात.

ही मापं येतात कुठून? 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या वर्डप्रेस 6.1 पासून सात तयार मापं मिळतात. त्यांचे स्लग, म्हणजे आतली नावं, 20 ते 80. सगळ्यात लहान 0.44 रेम, सगळ्यात मोठं 5.06 रेम. एक रेम साधारण 16 पिक्सेल धरला, तर मोठं माप 81 पिक्सेल. वर आणि खाली मिळून 162! छोट्या फोनवर ही जागा फार झाली.

पूर्वी ही मापं बंद करायला 'स्पेसिंग स्केल'मधल्या पायऱ्या शून्य कराव्या लागत. कुणी अर्धवट माहिती भरली, की स्केल चुकीचं असल्याची सूचना यायची. जुलै 2024 मध्ये वर्डप्रेस 6.6 आलं आणि त्यासोबत थीम डॉट जेसन फाइलची आवृत्ती 3. तिच्यात यासाठी सरळ एक बटण दिलंय: डिफॉल्ट स्पेसिंग साइझेस.

आता क्रमाने करा:

1. आधी बॅकअप घ्या. प्रयोग चालू साइटवर नको, कॉपीवर करा.

2. साइट 6.6 किंवा पुढची आहे का बघा. असेल तरच फाइलमध्ये आवृत्ती 3 लिहा. जुनं वर्डप्रेस ती ओळखत नाही.

3. सेटिंग्ज, त्यात स्पेसिंग, आणि तिथे हे बटण फॉल्स करा. फॉल्स अवतरणचिन्हात टाकू नका.

4. स्वतःची तीनच मापं द्या: 0.5, 1 आणि 2 रेम. नावं मराठीत चालतात: लहान, मध्यम, मोठी. मालकाला लगेच कळतं. स्लग मात्र इंग्रजीत ठेवा.

5. कस्टम स्पेसिंग साइझ हेही फॉल्स करा. नाहीतर मालक मनाने 150 पिक्सेल टाकू शकतो.

6. शेवटच्या नोंदीनंतर जादा स्वल्पविराम राहिलाय का तपासा. एका स्वल्पविरामामुळे वर्डप्रेसला पूर्ण फाइलच वाचता येत नाही.

दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. पहिलं: आवृत्ती 3 केली, पण बटण बंद करायचं राहिलं, आणि तुमच्या मापाचा स्लगही 20 ते 80 पैकीच. मग वर्डप्रेसचंच माप चालतं. एरर काही येत नाही, म्हणून माणूस तासभर चूक शोधत बसतो.

दुसरं जास्त महाग पडतं. साइट दिल्यावर तुमच्या मापाचा स्लग बदलू नका. जुन्या पानांत तोच स्लग साठवलेला असतो. तो सापडला नाही की तिथली जागा गुपचूप शून्य होते, मजकूर एकमेकांना चिकटतो. माप मोठं वाटतंय? आकडा बदला, स्लग तसाच ठेवा. सगळी पानं आपोआप बदलतील.

चिचपल्लीचं बांबूकाम असो की आरमोरीचं टसर, आपल्याकडचा ग्राहक साइट बहुतेक मोबाइलवरच बघणार. म्हणून साइट सोपवण्याआधी स्वतःच्या फोनवर प्रत्येक पान उघडा. फोन नंबर पहिल्या स्क्रीनवर दिसतोय ना? मगच बिल पाठवा. आणि कोटेशनमध्ये लिहून द्या की किती दुरुस्त्या फुकट आणि त्यापुढे किती पैसे.

आजचा गृहपाठ: कॉपी साइटवर हे सहा टप्पे करा, आणि कुठे अडलं ते व्हिडिओखाली लिहा. भेटू पुढच्या भागात!