वडिलांची गाठ आम्हालाही होईल का?

प्रश्न : लासलगाव बाजार समितीत वडिलांचा कांद्याचा व्यापार आहे. वय 48. काही वर्षांत त्यांची अंगठी बोटात जाईनाशी झाली, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला. एमआरआयमध्ये पिट्युटरीची गाठ निघाली. हा कॅन्सर आहे का? आम्हा भावंडांनाही होईल का?

उत्तर : कॅन्सरची भीती आधी मनातून काढा. या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात. त्रास होतो तो त्यांतून सुटणाऱ्या जादा ग्रोथ हॉर्मोनचा. म्हणून वडिलांची साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्याच.

अशा सुमारे 40 टक्के गाठींत जीएनएएस या जनुकात बदल सापडतो. या जनुकाचे प्रथिन मेंदूचा संदेश आला की जागे होते आणि काम होताच स्वतःला बंद करते. बदलानंतर ते बंदच होत नाही. पेशीत संदेश पुढे नेणारे सायक्लिक एएमपी हे रसायन वाढलेलेच राहते, संदेश नसतानाही हॉर्मोन सुटते आणि पेशीही वाढतात. हा बदल गाठीच्या पेशींपुरता असतो, मुलांकडे जात नाही. थोड्या कुटुंबांत एआयपी जनुकाचा दोष वारशाने येतो, पण त्याची लक्षणे बहुधा तरुणपणीच दिसतात. नात्यात दुसऱ्या कोणाला अशी गाठ नसेल, तर तुम्ही निश्चिंत राहा.

पहिला उपचार नाकावाटे शस्त्रक्रिया. त्यानंतरही हॉर्मोन जास्त राहिले तर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने देतात. ती नेमके सायक्लिक एएमपीच कमी करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. हंगाम संपण्याची वाट न पाहता तिथे दाखवा.