आपला वाटा



'वाटा' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. शेतातला वाटा, पिकातला वाटा, कामाचा वाटा. या शब्दाला दोन बाजू आहेत. वाटा उचलावा लागतो आणि वाटा मिळावाही लागतो. दोन भावांत एकाने नुसते राबायचे आणि दुसऱ्याने नुसते धान्य घरी न्यायचे, असे झाले तर आपण त्याला न्याय म्हणत नाही.

आता एक नवा शब्द शिकू. तो शब्द आहे 'सहभाग'. सरकारी कागदात तो नेहमी येतो. पुढाऱ्यांच्या भाषणातही येतो. 'सह' म्हणजे सोबत. 'भाग' म्हणजे वाटा. सर्वांच्या सोबत आपलाही वाटा असणे, याचे नाव सहभाग. शब्द मोठा दिसतो, पण अर्थ आपल्या घरातलाच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गावात रस्ता करायचा आहे. सकाळी दवंडी पिटली. शंभर माणसे कुदळ, फावडी, घमेली घेऊन आली. दिवसभर त्यांनी दगड वाहिले, माती टाकली. पण रस्ता कोठून न्यायचा, हे चार जणांनी आधीच ठरवले होते. तो चौघांच्या दारावरून गेला. टोकाच्या वस्तीतल्या बाया पावसाळ्यात चिखल तुडवीतच पाणी आणीत राहिल्या. मग सांगा, त्या शंभर जणांचा सहभाग झाला काय? घाम त्यांचा पडला, हे खरे. पण ठरवण्यात त्यांचा वाटा नव्हता. म्हणून तो अर्धाच सहभाग झाला.

कष्टाचा अर्धा वाटा गरीब माणूस पिढ्यान् पिढ्या उचलीत आला आहे. उरलेला अर्धा वाटा कोणता? विचारणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि ठरवणे. हा वाटा त्याच्या हाती फारसा आला नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी आहे. इतिहासात, समाजात आणि संशोधनात आपला वाटा कोणता, ते क्रमाने पाहू.

१. इतिहासात आपला वाटा

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, लढाया आठवतात. आपण गड पाहायला जातो. तट पाहून म्हणतो, "काय मजबूत बांधकाम आहे!" पण तो दगड कोणी फोडला? डोक्यावरून वर कोणी नेला? पाथरवट, बेलदार, लोहार, मजूर होते, म्हणून गड उभा राहिला. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

कोणी म्हणेल, ही फार जुनी गोष्ट झाली. तर मग अलीकडची ऐका. पुणे जिल्ह्यात मुळशी भाग आहे. तेथे टाटा कंपनी वीज तयार करण्यासाठी धरण बांधू लागली. शेतकऱ्यांची भाताची खाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. या लढ्यापासून लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. शेवटी धरण झालेच. जमिनी गेल्या. सेनापतींचे नाव पुस्तकात राहिले, आणि ते राहायलाच पाहिजे. पण धरणाचे काम अडवून बसलेल्या मावळातल्या बाप्यांची नि बायांची नावे आज कोण सांगेल? लढ्यात ते होते. कागदावर मात्र त्यांतले थोडेच आले.

त्याच डोंगरी भागात पुढे एक वेगळे काम झाले. जात्यावर दळताना बाया ओव्या म्हणत. पहाटे उठावे, जात्याचा खुंटा धरावा आणि मनातले बोलावे. माहेर, सासर, भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सारे काही त्या ओव्यांत आले. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. जाती थांबली. ओव्याही थांबू लागल्या. तेव्हा, १९८० नंतरच्या काळात, पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवाँ या दोघांनी ठरवले की या ओव्या लिहून ठेवायच्या.

पण लिहिणार कोण? शहरातला पाहुणा वही घेऊन दारात उभा राहिला, तर बाई काय बोलणार? लाजून आत जाईल. म्हणून खेड्यातल्याच बाया या कामाला लागल्या. त्यांनी शेजारणीला विचारले, मावशीला विचारले, सासूला विचारले. गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या. असे करता करता हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आणि एक मोठी गोष्ट झाली. ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही लिहून ठेवले.

विचार करा. जिने उभ्या जन्मात कधी सही केली नसेल, तिचे बोलणे तिच्या नावासह कागदावर आले. पुढे जो कोणी खेड्यातल्या बायकांच्या आयुष्याचा इतिहास लिहील, त्याला या बायांना विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. हा इतिहासातला वाटा.

२. समाजात आपला वाटा

"गाव करी ते राव न करी", अशी आपली म्हण आहे. पण गाव म्हणजे कोण? पारावर बसलेली चार माणसे म्हणजे गाव काय? कायदा तसे म्हणत नाही.

१९९३ साली भारताच्या घटनेतील ७३ वी दुरुस्ती लागू झाली. तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद आहे. जमीनदार असो वा शेतमजूर, बाई असो वा बाप्या, प्रत्येकाला तेथे बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. बायांनी तेथे मोकळेपणी बोलावे, हा त्यातला हेतू.

आता एक हिशोब करू. ग्रामसभा भरायला काही माणसे हजर असावीच लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. सर्वसाधारण गावात नियम असा आहे: मतदारांपैकी १०० मध्ये १५ माणसे, किंवा एकूण १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजर पाहिजेत. समजा, तुमच्या गावात ३,००० मतदार आहेत. त्यांचे १०० मध्ये १५ म्हणजे ४५० होतात. १०० हा आकडा त्याहून कमी. म्हणजे १०० माणसे आली की सभा भरली! त्यांनी जे ठरवले, ते ३,००० जणांच्या गावाने ठरवले असे धरले जाते. उरलेली २,९०० माणसे शेतावर होती, घरी होती, किंवा "आमचं काय काम तिथं?" म्हणून बसली होती. नळ कोणत्या आळीला, घरकुल कोणाला, रस्ता कोठून, हे ठरून गेले.

पुष्कळ जण म्हणतात, "गुरुजी, रोज बुडवून सभेला कोण जाणार?" हे खोटे नाही. हातावर पोट असलेल्याला एक दिवसाची मजुरी मोठी असते. पण आळीतल्या दहा घरांनी मिळून दोघांना पाठवले तर? बाकीच्यांनी त्यांचा रोज भरून दिला तर? परत आल्यावर त्यांनी सर्वांना हकिगत सांगावी. पुढच्या वेळी दुसरे दोघे जातील. एकट्याला जड वाटते ते दहा जणांत हलके होते.

आणखी एक सांगतो. पूर्वी कागद समोर आला की शाईत अंगठा बुडवून उमटवायचा, एवढेच आपले काम होते. कागदात काय लिहिले आहे, ते देणारा सांगेल तेच खरे. त्यात किती जणांच्या जमिनी गेल्या! आता तुम्हाला वाचता येते. सभेची वही सहीसाठी समोर आली, तर आधी ठराव वाचा. पान कोरे असेल तर सही करू नका. "आधी लिहा, मग सही करतो", असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. यात भांडण नाही. तुमचा हक्क आहे.

३. संशोधनात आपला वाटा

संशोधन म्हणजे शोध घेणे. हे काम मोठ्या शहरातल्या विद्वानांचे, असे आपल्याला वाटते. तेव्हा आता पुण्याहून दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला जाऊ.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड लोकांचे गाव आहे. लेखा गावाजवळ असल्यामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती चार-पाचशे माणसांची. भोवती जंगल. १९८० नंतरच्या वर्षांत या भागात मोठ्या धरणांविरुद्ध लोक जागे झाले. त्यातून मेंढ्याच्या लोकांना वाटले, आपल्या गावचा कारभार आपणच विचार करून चालवावा. त्यांनी एक घोषणा केली: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." देवाजी तोफा हे गावचे पुढारी. मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले कार्यकर्ते त्यांचे सोबती झाले.

मेंढ्याच्या लोकांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यास गट. अभ्यास गटात बसून बोलायचे, माहिती काढायची, जाणकाराला बोलावून विचारायचे. तेथे काही ठरवायचे नाही. ठरवायचे ते ग्रामसभेत, आणि तेही सर्वांच्या संमतीने. कोणाला पटले नाही तर थांबायचे, पुन्हा बोलायचे.

त्यांनी काय अभ्यास केला? घरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चारा जंगलातून घेण्याच्या जुन्या हक्कांना तिकडे 'निस्तार' म्हणतात. हे हक्क काय आहेत, ते त्यांनी समजून घेतले. पोळ्याची नासाडी न करता, माश्या न मारता मध कसा काढता येईल, याचाही विचार केला. मधमाशी मेली तर पुढल्या वर्षी मध कोठून येणार? जंगलात कोण राहतो, कोणते झाड कोठे आहे, हे त्यांना ठाऊकच होते. त्या ठाऊक असण्याला त्यांनी अभ्यासाची जोड दिली.

याचे फळ काय मिळाले? वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. २००९ साली मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. २०११ साली तेथील ग्रामसभा स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकू लागली. कायदा दिल्लीत झाला, हे खरे. पण तो आला तेव्हा हे गाव तयार होते. वीस वर्षे ते विचारीत होते, शिकत होते.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. माझा अनुभव असा की पाठ म्हणून दाखवणारे मूल विसरते, पण "असे का?" म्हणून विचारणारे मूल विसरत नाही. संशोधनाचे मूळ या "का?" मध्येच आहे.

हे तुम्हालाही करता येईल. दर वर्षी आपण म्हणतो, "यंदा विहिरीचं पाणी लवकर खाली गेलं." पण किती खाली? कोणालाच सांगता येत नाही. मग असे करा. एका दोरीला दगड बांधा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून दोरी सोडा. दगड पाण्याला टेकला की तेथे दोरीला गाठ मारा. दोरी वर काढून मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. दोन-तीन वर्षे असे केले की ती वही बोलू लागेल. साहेबांपुढे नुसते "पाणी नाही हो" म्हणणे वेगळे, आणि वही उघडून आकडा दाखवणे वेगळे.

कधी कधी बाहेरून लोक छापील कागद घेऊन येतात. घरात माणसे किती, गुरे किती, आजार कोणता, असे विचारतात. त्यांना पाणी द्या, बसायला घोंगडी द्या. पण आपणही विचारावे: "ही माहिती कशासाठी? ती कोठे जाणार? तुम्हाला जे कळेल, ते आम्हाला सांगायला परत येणार का?" चांगला अभ्यासक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला आनंद होतो.

शेवटी एवढेच

मुळशीच्या बाया, तुमच्या गावची ग्रामसभा आणि मेंढ्याचे गोंड बांधव, तिघांकडून शिकायचे ते एकच. नुसते राबून वाटा पुरा होत नाही. विचारावे, मोजावे, लिहावे आणि ठरवताना हजर असावे. साक्षर झालेल्या माणसाचे हे काम आहे. एक वही आणा. पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख घाला. मग गावातल्या सर्वांत वृद्ध बाईकडे किंवा बाबांकडे जा आणि त्यांना ठाऊक असलेली गावची एक गोष्ट लिहून घ्या. खाली त्यांचेही नाव लिहायला विसरू नका.

नवे शब्द
सहभाग – सर्वांसोबत आपला वाटा असणे
गणपूर्ती – सभा भरायला लागणारी माणसांची संख्या
ठराव – सभेने ठरवलेली व लिहून ठेवलेली गोष्ट
संशोधन – नीट शोध घेणे
संमती – मान्यता, होकार

प्रश्न
१. रस्त्याच्या उदाहरणात शंभर माणसांचा सहभाग अर्धाच का झाला?
२. ओव्या गोळा करायला खेड्यातल्या बायाच का लागल्या?
३. गावात ४०० मतदार असतील, तर ग्रामसभेला निदान किती माणसे हजर पाहिजेत? हिशोब करा.
४. तुमच्या गावची मागची ग्रामसभा केव्हा झाली? तिच्यात काय ठरले? विचारून लिहा.