अंड्याचे कवच पातळ का होते?

परसदारी पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबास अंड्यांपासून मिळणारा पैसा थोडा असला, तरी तो रोखीचा असतो. परंतु पातळ अथवा मऊ कवचाचे अंडे बाजारात पोचण्यापूर्वीच फुटते. शिवाय फुटलेले अंडे खाण्याची चटक कोंबडीस एकदा लागली, म्हणजे ती चांगली अंडीही फोडू लागते. म्हणून या दोषाचे कारण वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

कवच कसे बनते? – कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा असतो. एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. कोंबडीच्या पोटात अंड्यावर कवच चढण्यास सुमारे २० तास लागतात व त्यांपैकी बरेचसे काम रात्री, कोंबडी खुराड्यात असताना होते. त्या वेळी पोटात कॅल्शियम शिल्लक नसेल, तर ते हाडांतून काढले जाते. ही उसनवारी रोजच्या रोज फिटली नाही, तर कवच पातळ होते व पुढे हाडे ठिसूळ होऊन कोंबडी लुळी पडते. पातळ कवच ही केवळ अंड्याची खराबी नसून कोंबडीच्या प्रकृतीविषयीची सूचना होय.

खाद्यातील उणीव – ज्वारी, मका, तांदळाची कणी व कोंडा यांत कॅल्शियम अत्यल्प असते. थोडी अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीस किडे व पाला खाऊन ते बहुधा पुरते. वारंवार अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबडीस पुरत नाही. तिच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असावे.

यासाठी शिंपल्यांचा अथवा चुनखडीचा ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा व तो सायंकाळी अवश्य मिळेल असे पाहावे. जाड कण पोटात सावकाश विरघळत असल्याने ते रात्रभर कामी येतात. घरातील अंड्यांची टरफलेही भाजून, बारीक चुरून देता येतात. ती अखंड टाकू नयेत. भाजलेला कळीचा चुना मात्र कधीही देऊ नये, कारण तो दाहक असतो. वाळूच्या खड्यांनी दाणे दळले जातात, पण कॅल्शियम मिळत नाही. अंड्यावर न आलेल्या पिलांस व तलंगांस हा चुरा खाद्यात मिसळून घालू नये. जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांस इजा होते.

ऊन व उन्हाळा – कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे. ते सूर्यप्रकाशाने अंगात तयार होते. यास्तव कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवू नयेत. परंतु कडक उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, खाद्य कमी खातात व त्यामुळे कवच पातळ होते. अशा वेळी दाट सावली व थंड पाणी द्यावे आणि खाद्य सकाळी व सायंकाळी घालावे.

रोगाची शंका केव्हा घ्यावी? – तलंगेची पहिली एक-दोन अंडी मऊ निघाली तर चिंतेचे कारण नाही. वयस्क कोंबडीचे अंडे मोठे होत जाते, तसे त्याचे कवचही पातळ होते. मात्र अनेक कोंबड्यांची अंडी एकाएकी मऊ, खडबडीत वा सुरकुतलेली येऊ लागली, अंडी घटली आणि कोंबड्या शिंकू अथवा घरघरू लागल्या, तर मानमोडी किंवा श्वासनलिकेचा सांसर्गिक रोग असण्याचा संभव असतो. आजारी कोंबड्या त्वरित वेगळ्या कराव्यात व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मानमोडीची लस वेळच्या वेळी टोचून घेणे हाच खात्रीचा उपाय होय.

अंडी गोळा करताना प्रत्येक अंडे बोटांनी चाचपून पाहण्याची सवय ठेवावी. दोष एका कोंबडीत आहे की साऱ्या कळपात, हे त्यावरून चटकन कळते व नुकसान वाढण्यापूर्वी इलाज करता येतो.